न निघालेला स्क्रू

गेल्या दिवाळीत पारनेरला आमच्या घरी एकच विषय होता : आजोबांच्या दाढा. त्या पडून बरीच वर्षं झाली, भाकरी दुधात कुस्करूनच खावी लागते. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं की जबड्याचं हाड झिजलंय. आधी बोन ग्राफ्ट, काही महिन्यांनी इम्प्लांटचा स्क्रू आणि त्यावर दात आणखी काही महिन्यांनी. आजोबा वैतागले. स्क्रूच आहे ना, मग आजच पिळा, असं त्यांचं म्हणणं. मी मेकॅनिकलचा, मलाही तेच पटलं! मग ब्रोनेमार्क यांच्याविषयी वाचलं.

पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांचा जन्म 1929 सालचा, स्वीडनमधला. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर नव्हतेच. 1952 साली लुंड इथे ते हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं. प्रयोग संपला, पण उपकरण काही निघेना. हाडाने धातूला घट्ट धरलं होतं. दुसरा कुणी वैतागला असता, यांनी त्या धरण्याचाच अभ्यास केला. त्याला नाव दिलं ऑसिओइंटिग्रेशन.

1965 मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या रुग्णाच्या खालच्या जबड्यात 4 इम्प्लांट बसवले. दंतवैद्यकातले जाणकार मात्र बराच काळ संशयानेच पाहत राहिले. 1982 च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने त्यांचं काम मानलं. लार्सन 2006 मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे 40 वर्षं ते इम्प्लांट टिकले. ब्रोनेमार्क 2014 मध्ये गेले.

यातली गोम अशी, की स्क्रूला टिकवतं ते भोवतीचं हाड, नुसते आटे नाहीत. हाड भरण्याआधीच लोड आला आणि स्क्रू हलत राहिला, तर मध्ये मऊ थर तयार होतो. मग स्क्रू सैल! ग्राफ्टचंही तसंच. तो भराव असतो, त्यात शरीर सावकाश स्वतःचं हाड तयार करतं. बिडी ओढली की हे काम बिघडतं.

हे सगळं आजोबांना सांगायचं कसं? मी त्यांना आमच्या घराच्या स्लॅबची आठवण दिली. तेव्हा त्यांनीच रोज पाणी मारायला लावलं होतं, वर कुणाला पाऊल ठेवू दिलं नव्हतं. आजोबा गप्प झाले.

ग्राफ्ट झालंय. भाकरी अजून कुस्करूनच चाललीय. बिडीचं बंडल मात्र त्यांनी स्वतःहून आजीच्या हवाली केलंय.