विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड

विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड (७ ऑक्टोबर १८३२, लंडन – २३ जून १९०५, लंडन) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व प्राणिशास्त्रज्ञ होते. दख्खनच्या बेसाल्ट खडकांचे त्यांचे सर्वेक्षण आणि लोणार विवराच्या उत्पत्तीविषयीचे त्यांचे विवेचन यांसाठी महाराष्ट्रात ते विशेष स्मरले जातात.

जीवन

लंडनचे रॉयल स्कूल ऑफ माइन्स व जर्मनीतील फ्रायबर्ग येथे त्यांचे शिक्षण झाले. १८५५ मध्ये धाकटे बंधू हेन्री यांच्यासह ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत रुजू झाले. ओडिशातील तालचेर येथील गोट्यांचा थर बर्फाच्या क्रियेने बनला असावा, हे धाडसी अनुमान त्यांच्या आरंभीच्या कामातले होय. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले.

मुंबईतील कार्य

१८६२ पासून सुमारे चार वर्षे ते मुंबई इलाख्याच्या सर्वेक्षणात होते. मलबार हिल ते वरळी या पट्ट्यात लाव्हाच्या थरांमध्ये दबलेले गाळाचे खडक आढळतात. त्यांत लहान बेडकांचे व कासवांचे जीवाश्म मिळाले आहेत. अशा थरांवरून, लाव्हाचे लोट एकापाठोपाठ एक न येता मध्ये दीर्घ काळ गेला व त्या काळात गोड्या पाण्याची तळी नांदली, हे स्पष्ट होते. या खडकांवरील त्यांचा प्रबंध १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे उद्रेक क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस सुरू झाले, असे त्यांचे मत होते. मुख्य उद्रेकांचा काळ आज सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे महाकाय अशनी आदळली तीही त्याच सुमारास. त्यामुळे डायनोसॉरांच्या विनाशात आघाताचा वाटा किती व दख्खनच्या लाव्हाचा किती, हा वाद अद्याप चालू आहे.

लोणार विवर

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. तेथे नंतरच्या काळातील लाव्हा सापडत नाही आणि काठावरील दगडमाती खळग्याच्या मानाने फार थोडी आहे, या अडचणी ब्लॅनफर्ड यांना जाणवल्या होत्या. तरीही दुसरे कारण दिसत नसल्याने त्यांनी ज्वालामुखीय स्फोटाचा पक्ष स्वीकारला. अशनीच्या आघाताने विवर पडते, ही कल्पना तेव्हा भूविज्ञानात रुजलेली नव्हती.

१९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या अडचणींचा उलगडा झाला. विवराच्या तळातून वेधन करून काढलेल्या नमुन्यांत प्रचंड दाबाने भंगलेला बेसाल्ट आणि फेल्डस्पार खनिजाचे काचेत झालेले रूपांतर आढळले. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. अतिवेगवान अशनीच्या आघातातच होतो. काठावरचे उलटे वळलेले थर व बाहेर फेकलेले तुकडे याच्याशी जुळतात. चंद्रावरील अनेक विवरेही बेसाल्टमध्ये पडलेली असल्याने त्यांच्या अभ्यासासाठी लोणारला महत्त्व आले. ब्लॅनफर्ड यांचा निष्कर्ष टिकला नाही. त्यांनी नोंदविलेल्या अडचणी मात्र खऱ्या ठरल्या.

ग्रंथ व सन्मान

एच. बी. मेडलिकॉट यांच्यासह लिहिलेला भारताच्या भूविज्ञानावरील ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटिश भारतातील प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेचे त्यांनी संपादन केले आणि तिचा सस्तन प्राण्यांवरील खंड स्वतः लिहिला. १८७४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८८३ मध्ये त्यांना वोलास्टन पदक व १९०१ मध्ये रॉयल पदक मिळाले. ब्लॅनफर्डचा कोल्हा ही प्रजाती त्यांच्या नावाने ओळखली जाते.