वेदनेचा भाष्यकार

१८४९ च्या डिसेंबरातील एका गोठलेल्या सकाळी सेंट पीटर्सबर्गच्या सेम्योनोव्हस्की चौकात काही राजबंद्यांना देहान्ताची शिक्षा वाचून दाखविण्यात आली. पहिल्या तिघांना खांबांना बांधले, सैनिकांनी बंदुका रोखल्या आणि ऐन वेळी झार पहिला निकोलस याच्या दयेचे फर्मान पुढे आले. ते नाट्य आधीच ठरलेले होते. पुढच्या तिघांत मरणाची वाट पाहत उभा होता अठ्ठावीस वर्षांचा कादंबरीकार फ्योदोर डोस्टोव्हस्की.

रशियन माणसाला दुःखाची ओढ असते, हा समज जगभर रूढ करण्यात याच लेखकाचा वाटा मोठा आहे. म्हणूनच त्याचे चरित्र बारकाईने पाहावयास हवे.

१८२१ साली मॉस्कोतील गरिबांच्या रुग्णालयाच्या आवारात, तेथील डॉक्टरांच्या घरी तो जन्मला. १८४६ मधील पहिल्याच कादंबरीने त्याला कीर्ती दिली. भूदासपद्धतीवर प्रहार करणारे समीक्षक बेलिन्स्की याचे निषिद्ध पत्र मित्रमंडळात वाचून दाखविणे, हा त्याच्यावरील एक प्रमुख आरोप. त्यापायी ओम्स्कच्या तुरुंगात पायांत बेड्या घालून चार वर्षे सक्तमजुरी आणि नंतर सेमिपलातिन्स्क येथे शिपाईगिरी त्याच्या वाट्याला आली. १८५९ मध्ये तो राजधानीत परतला. सायबेरियातील सामान्य जन कैद्यांना गुन्हेगार न म्हणता दुर्दैवी म्हणत, हे त्याच्या मनावर कायमचे कोरले गेले.

पुढेही दैवाने त्याची पाठ सोडली नाही. १८६४ मध्ये पत्नी व थोरला भाऊ गेले. १८६८ मध्ये जिनिव्हात तान्ही कन्या गेली. अपस्माराचे झटके होतेच. जुगाराचे व्यसन मात्र त्याने स्वतः ओढवून घेतलेले. १८७३ साली त्याने लिहिले, की यातना ही रशियन जनतेची खोल आत्मिक गरज आहे. ज्या सिंहासनाने त्याला वधस्तंभासमोर नेले, त्याचाच तो आता कैवारी झाला होता.

परंतु १८७८ मध्ये तीन वर्षेही पुरी न झालेला त्याचा मुलगा अल्योशा अपस्मारानेच दगावला. त्यानंतरच्या ‘कारामाझॉव्ह बंधू’ या कादंबरीत एक भाऊ विचारतो, की विश्वाच्या सुखासाठी एका निष्पाप बालकाचे अश्रू हीच किंमत असेल, तर ते सुख स्वीकारावे काय? दुःखाच्या तत्त्वज्ञानावरचा हा सर्वांत कठोर आक्षेप त्या तत्त्वज्ञानाच्या भाष्यकारानेच घेतला. त्याला निर्णायक प्रत्युत्तर त्याला देता आले नाही. सहृदय धाकट्या भावाला मात्र त्याने आपल्या गेलेल्या मुलाचे नाव दिले.

१८८१ साली तो निवर्तला, तेव्हा प्रचंड जनसमुदाय अंत्ययात्रेस लोटला. त्याच्या आयुष्याचा बोध आम्हांस असा दिसतो. स्वतः पत्करलेले दुःख माणसाला करुणा शिकवू शकते. दुसऱ्यावर लादलेल्या दुःखाला पावित्र्य चढविणे ही मात्र सत्तेची सोय असते. भूदासांच्या सोशिकपणाचे कितीही गोडवे गायिले गेले, तरी ते भूदासच राहिले. १८६१ मध्ये ती पद्धत कायद्यानेच मोडावी लागली. सोसणे हा एखाद्या राष्ट्राचा स्वभाव आहे असे कोणी म्हणू लागला, की त्याला सोसावयास कोण लावीत आहे, हे आधी विचारावे.