वेलोसियो : गिअरसाठी आयुष्यभर घाट चढलेला माणूस

आपल्या कॉलेजच्या सायकल स्टँडवर कधी नीट नजर टाकली आहे का? गिअरच्या सायकलींना मागच्या चाकाशी एक छोटा सांगाडा लोंबत असतो, त्यात दोन चिमुकली दातेरी चाकं आणि त्यांच्यामधून 'एस' आकारात जाणारी चेन. याला डिरेलर म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच, अर्थ रुळावरून घसरवणारा. गंमत बघा, चेन ड्राइव्ह शिकताना चेन उतरणं म्हणजे बिघाड, असं आपण दुसऱ्या वर्षात लिहून मार्क मिळवतो. आणि इथे एक अख्खं यंत्र चेन मुद्दाम उतरवण्यासाठी बसवलंय!

हा बिघाड उपयोगाचा आहे हे लोकांच्या गळी उतरवायला एका माणसाने उभं आयुष्य घालवलं. त्याचं नाव पॉल द विवी. पण फ्रान्समधले सायकलवाले त्याला ओळखतात ते 'वेलोसियो' या टोपणनावाने. आपल्या मासिकात दरवर्षी कुणा ना कुणा शास्त्रज्ञाचं चरित्र येतं, म्हटलं यंदा एका सायकलवाल्याचं येऊ दे. तसा हा माणूस ना इंजिनिअर होता ना रेसर. धंद्याने रेशमाचा व्यापारी.

जन्म 1853 चा, दक्षिण फ्रान्समधल्या पेर्न नावाच्या गावी. या भागात कुठूनही व्हाँतू नावाचा एकांडा डोंगर दिसतो, उंची 1900 मीटरच्या वर. पुढे कामधंद्यानिमित्त तो सेंत-एत्येन या शहरात आला. हे शहर म्हणजे कोळशाच्या खाणी, रेशमी फिती विणणारे माग आणि बंदुकांचे कारखाने. बंदुकीची नळी अचूक कातणारे कारागीर जिथे पिढ्यान् पिढ्या होते तिथे सायकलीचे सुटे भाग बनू लागले यात नवल नाही. फ्रान्समधली पहिली आधुनिक, म्हणजे दोन सारखी चाकं आणि मागे चेन असलेली सायकल याच गावात 1886 मध्ये बनली.

विवीने पहिली सायकल घेतली 1881 मध्ये, वय 28. तेव्हाची सायकल म्हणजे पुढे छातीएवढं चाक आणि मागे बशीएवढं. तिच्यावरून पडायचं म्हणजे थेट डोक्यावरच. पण गड्याला नाद लागला तो लागलाच. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला जाऊन त्याने तिथला सायकल उद्योग पाहिला, आणि 1887 मध्ये सेंत-एत्येनमध्ये सायकलीचं दुकान टाकलं. त्याच वर्षी एक मासिकही काढलं, त्याचं नाव लवकरच 'ल सिक्लीस्त' झालं. रेशमाचा व्यापार मागे पडला. घरच्यांना काय वाटलं असेल याची कल्पना ज्याने कोअर ब्रँच सोडून भलतंच काही करायचं ठरवलंय त्याने करावी.

आता मुख्य मुद्दा, घाट. सेंत-एत्येन शहर समुद्रसपाटीपासून साधारण 500 मीटरवर. दक्षिणेला बाहेर पडायचं तर समोर कोल द ला रेपुब्लिक ही खिंड, उंची 1161 मीटर. शहरातून सुमारे 12 किलोमीटर नुसता चढ. खिंड ओलांडली की उतार थेट ऱ्होन नदीच्या खोऱ्यात, आणि तिथून पुढे विवीचा जन्मप्रांत, ऊन, ऑलिव्हची झाडं. म्हणजे हा रस्ता त्याच्या दृष्टीने घरी जायचा रस्ता होता, आणि दारातच घाट उभा.

असं सांगतात की 1889 च्या सुमारास विवी या खिंडीचा चढ घाम गाळत चढत होता, आणि त्याच्याच मासिकाचा एक तरुण वाचक तोंडात पाईप धरून आरामात त्याला मागे टाकून गेला. विवी तेव्हा पस्तिशीचा, आणि दुसरा कुणी असता तर जिममध्ये नाव घातलं असतं. याने हिशोब केला. वय काही कमी होणार नाही, तेव्हा बदलायचं असेल तर सायकल बदलली पाहिजे.

हिशोब आपणही करू, फर्स्ट इयरचंच गणित आहे. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो, चढ 6 टक्के. हवा आणि घर्षण सोडून दिलं तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध लागणारं बल साधारण 50 न्यूटन. ताशी 10 किलोमीटरने चढायचं तर पॉवर जेमतेम 140 वॅट. एवढी पॉवर धडधाकट माणूस तासभर सहज देईल. मग छाती फुटते का? पुढे 48 दात आणि मागे 16, म्हणजे रेशो 3 असेल तर या वेगाला पाय मिनिटाला फक्त 26 फेरे मारतात, आणि पॅडलवर सरासरी 300 न्यूटन, म्हणजे 30 किलोचा जोर लागतो. तोही सरासरी! पॅडल वर-खाली मेल्या बिंदूतून जातं तेव्हा जोर जवळजवळ शून्य, म्हणून मधल्या टप्प्यात याच्या दुप्पट. म्हणजे प्रत्येक पावलाला सिमेंटच्या पोत्यापेक्षा जास्त वजन. आता रेशो 1 करा. पॉवर तीच, वेग तोच, पण पाय मिनिटाला 79 फेरे मारतात आणि जोर उरतो 10 किलो. स्नायू दमतात ते जोराने, फेऱ्यांनी नव्हे. गाडी चढावर थर्ड गिअरमध्ये गुरगुरायला लागली की ड्रायव्हरकाका सेकंड टाकतात ना, अगदी तेच.

हे कळायला सोपं, करायला अवघड होतं. विवीने आणि त्याच्या भोवती जमलेल्या सेंत-एत्येनच्या कारागिरांनी काय काय करून पाहिलं! सायकलीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या रेशोच्या दोन चेन. पुढच्या दोन दातेरी चक्रांपैकी हवं त्यावर चेन हाताने उचलून टाकायची सोय. मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे रेट्रो-डायरेक्ट. यात एकच लांब चेन मागच्या दोन फ्रीव्हीलवरून अशी फिरवलेली असते की पॅडल सरळ मारलं तर एक फ्रीव्हील पकडतं आणि उलटं मारलं तर दुसरं, मोठं. सायकल दोन्ही वेळा पुढेच जाते. म्हणजे घाट आला की उलटे पाय मारायचे! सीटवर बसून उलटे पाय मारत खिंड चढणारा दाढीवाला गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. लोक हसले असतीलच. पण त्याला हसण्याचं वावडं नव्हतं. नवीन गिअर आला की तो सायकलीवर चढवायचा, घाटात न्यायचा आणि बरं-वाईट जे असेल ते मासिकात छापायचा. स्वतः विकत असलेल्या मालाबद्दलसुद्धा. असा दुकानदार मला तरी अजून भेटलेला नाही.

चाचणीची त्याची पद्धत म्हणजे लांबचा प्रवास. दिवसभर दुकान, संध्याकाळी निघायचं, रात्रीच खिंड ओलांडायची, पहाटे ऱ्होनच्या खोऱ्यात, दिवसभर पुढे, आणि जमलं तर दुसरी रात्रही. पन्नाशीनंतर तो अशा 40-40 तासांच्या सफरी करायचा. पाय, पोट आणि यंत्र तिन्हींची परीक्षा एकदम. त्यातून त्याने नवशिक्यांसाठी काही नियम लिहिले ते आजही लांब पल्ल्याचे सायकलवाले पाळतात. थांबा थोडं आणि क्वचित, म्हणजे लय तुटणार नाही. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या. थंडी वाजायच्या आधी अंगावर घाला, घाम यायच्या आधी काढा. इतकं थकू नका की झोप आणि भूक दोन्ही उडेल. प्रवासात दारू, मांस आणि तंबाखू नको. आणि निव्वळ दुसऱ्याला दाखवायला म्हणून पॅडल मारू नका. तो स्वतः शाकाहारी होता, भात-फळांवर डोंगर ओलांडायचा. शेंगा-गुळाच्या लाडवावर ट्रेक करणाऱ्या आपल्या मंडळींना हे पटायला जड जाऊ नये.

हा शेवटचा नियम लिहायला कारण होतं. समोर दुसरा पक्ष उभा होता, आणि त्याचा पुढारी साधासुधा नव्हता. आंरी देग्रांज, 'लोतो' या खेळाच्या वर्तमानपत्राचा संपादक, 1903 मध्ये टूर द फ्रान्स सुरू करणारा. त्याला गिअर म्हणजे लबाडी वाटायची. पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी वापरावी ती चीज, जवान माणसाने स्नायूंच्या जोरावर जिंकावं, असं त्याचं म्हणणं. निमित्त होतं 1902 चं. त्या वर्षी फ्रान्सच्या टूरिंग क्लबने पिरेनीज पर्वतातल्या तूर्माले या 2115 मीटरच्या घाटात सायकलींची चाचणी घेतली. तिथे मार्त हेस नावाची बाई तीन गिअरची सायकल घेऊन एकदाही पाय जमिनीला न टेकवता चढली आणि एक गिअरवाला नावाजलेला रेसर मागे राहिला, असा किस्सा सायकलवाले अजून रंगवून सांगतात.

देग्रांज अगदीच चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. शर्यतीत माणसाची परीक्षा व्हावी, कंपनीच्या यंत्राची नको, हा मुद्दा खरा आहे. पण मग त्याच्या टूरमध्ये काय चालायचं ते पाहा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या आकाराची चक्रं. घाटाच्या पायथ्याशी रेसर उतरणार, गारठलेल्या बोटांनी नट सोडवणार, चाक काढून उलटं बसवणार, नट आवळणार आणि चढणार. माथ्यावर पुन्हा तेच. म्हणजे गिअर बदललेला चालतो, फक्त सायकलीवर बसून बदललेला चालत नाही! व्हायवाला असं उत्तर दिलं तर एक्स्टर्नल बाहेर काढतील. आणि 1903 च्या पहिल्याच टूरचा दुसरा टप्पा, लिऑन ते मार्सेय, गेला कुठून? वेलोसियोच्या दारातल्या कोल द ला रेपुब्लिकवरून.

विवीने टूरशी भांडण उकरून काढलं नाही. त्याला शर्यतीत रस नव्हता. त्याचा ग्राहक म्हणजे शिक्षक, कारकून, पन्नाशीचा दुकानदार, ज्याला रविवारी डोंगर ओलांडून परत घरी यायचंय. या माणसासाठी गिअर हवा की नको हा तात्त्विक प्रश्नच नव्हता. गिअर असेल तर तो जाणार, नसेल तर घरी बसणार. हळूहळू सेंत-एत्येनच्या आसपास अशा माणसांची एक शाळाच तयार झाली. 1922 पासून त्याच्या नावाने दरवर्षी एक दिवस साजरा व्हायला लागला, त्या दिवशी शेकडो लोक त्याच खिंडीचा चढ चढतात. पहिल्या काही वर्षांत म्हातारा स्वतः त्यांच्यात असायचा.

1930 मध्ये सेंत-एत्येनच्या रस्त्यावर ट्रामची धडक बसून तो गेला. वय 76. एवढे घाट, एवढे उतार, रात्रीच्या अंधारातले कार्बाइडच्या दिव्यावरचे प्रवास, त्यात काही झालं नाही, आणि स्वतःच्या गावात सपाट रस्त्यावर हे व्हावं. ट्रामच्या धक्क्याच्या वेळीही सायकल सोबत होती.

टूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली 1937 साली. तेव्हा वेलोसियोला जाऊन सात वर्षं झाली होती. देग्रांजने आदल्याच वर्षी टूरची सूत्रं सोडली होती.

खिंडीत आता त्याचं स्मारक आहे. फ्रान्समध्ये ईस्टरच्या सुमारास तीन ते पाच सायकलींचे चमू 24 तासांत किमान 360 किलोमीटर जाणारी एक सफर करतात, तिचं नाव 'फ्लेश वेलोसियो', म्हणजे वेलोसियोचा बाण. पुण्या-मुंबईकडे 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या ज्या ब्रेव्हे होतात त्या याच घराण्यातल्या. तिथेही पहिला आला-दुसरा आला असा प्रकार नसतो. 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तेवढ्यात पोचलात की झालं.