बॅ. बद्रुद्दीन तय्यबजी : जामिनाचा कागद आणि कौमची तालीम

मुंबईत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलं की समोर अंजुमन-ए-इस्लामची जुनी इमारत दिसते. रोज हजारो लोक तिच्यासमोरून जातात, पण ती कुणी उभी केली हे किती जणांना ठाऊक असेल? १८७४ साली ही संस्था काढणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते, त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन होते आणि व्यापारी नाखुदा महंमद अली रोगे होते.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा. घराणं खंबायतहून आलेलं, सुलेमानी बोहरा. वालिद मुल्ला तय्यब अली व्यापारी. इंग्रजी शिकलं की पोरगा दीनपासून जातो, अशी भीती घरोघरी असण्याचा तो काळ. या माणसाने मात्र मुलांना समुद्रापार पाठवलं. घरातली गुजराती सोडून उर्दू बोलायचं, असंही ठरवलं. कमरुद्दीन विलायतेत सॉलिसिटर झाले. त्यांच्या पाठोपाठ १८६० मध्ये बद्रुद्दीन निघाले, वय जेमतेम सोळा. मध्येच डोळ्यांनी दगा दिला, शिक्षण सोडून मुंबईला परतावं लागलं. पण ते पुन्हा गेले आणि १८६७ ला बॅरिस्टर होऊनच आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर.

वकिली चालली, पैसा आला. पण त्यांचा जीव अडकला होता तालिमीत. मुसलमानांची मुलं मदरशातून बाहेर पडतात आणि पुढे त्यांना दार सापडत नाही, हे ते बघत होते. स्वतःच्या मुलींनाही त्यांनी शिकवलं. १९०३ च्या मुंबईतल्या मोहमेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सला अध्यक्षपदावरून पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध बोलले. ते ऐकून घेणारे होते तसे नाराज होणारेही होते.

१८८७ साली मद्रासला ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले, पहिले मुस्लिम अध्यक्ष. त्याच दिवसांत सर सय्यद लखनौत काँग्रेसविरुद्ध भाषण देत होते. पुढे दोघांचा पत्रव्यवहार झाला. मोठी माणसं दोन्ही, आणि कौमची काळजी दोघांनाही. तय्यबजींचं म्हणणं असं, की आत राहून आपला हक्क सांभाळता येतो. ज्या विषयाला मुस्लिम प्रतिनिधींचा जवळजवळ एकमुखी विरोध असेल तो काँग्रेसने घ्यायचाच नाही, अशी तजवीज त्यांनी करवून घेतली. तरीही विरोध वाढत गेला. तेव्हा १८८८ च्या अखेरीस त्यांनी ह्यूमना लिहिलं, की किमान पाच वर्षं काँग्रेस थांबवावी. आपलीच चळवळ थांबवा म्हणणं सोपं नसतं. हे पत्र त्यांची माघार होती असं काही जण म्हणतील. मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं.

१८९५ ला ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मग आलं १८९७. प्लेगचं साल, पुण्यात रँडचा खून झालेला, गोरे अधिकारी संतापलेले. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली मुंबईत पकडलं. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनीही नाकारला. ४ ऑगस्टला बॅ. दावर तोच अर्ज घेऊन न्या. तय्यबजींसमोर उभे राहिले. टिळकांचं राजकारण आणि तय्यबजींचं राजकारण यात बरंच अंतर होतं. गणपती उत्सव, हिंदू-मुस्लिम दंगे, सगळं ताजं होतं. नाकारणं अगदी सोपं होतं, कुणी बोट दाखवलं नसतं. त्यांनी जामीन दिला. आरोपीला बचावाची तयारी करता यायला हवी, एवढाच हिशेब. टिळकांना पुढे न्या. स्ट्रॅची यांनी दीड वर्षाची शिक्षा दिली, ती गोष्ट वेगळी. आणि अकरा वर्षांनी, १९०८ च्या खटल्यात, टिळकांना जामीन नाकारून सहा वर्षं ठोठावणारे न्यायाधीश होते तेच दावर!

१९०२ मध्ये तय्यबजी हंगामी मुख्य न्यायमूर्ती झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले हिंदी. अंजुमनचं काम त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये अचानक त्यांचा इंतकाल झाला. मय्यत मुंबईला आणून इथेच दफन केली. त्यानंतर चारच महिन्यांनी ढाक्यात मुस्लिम लीगची स्थापना झाली.