कागदावरून चालत आलेली गर्टी

शिकागोच्या पॅलेस थिएटरमध्ये ८ फेब्रुवारी १९१४ रोजी एक गृहस्थ हातात चाबूक घेऊन रंगमंचावर उभे राहिले. मागच्या पडद्यावर दूरच्या खडकांत एक गुहा दिसत होती. त्यांनी हाक मारताच गुहेतून एका डायनोसॉरच्या मादीने मान बाहेर काढली आणि जड पावले टाकीत ती प्रेक्षकांच्या दिशेने चालू लागली. दूरवर इवलीशी दिसणारी ती गर्टी जवळ येता येता भलीथोरली झाली. रंगमंचावरच्या गृहस्थांनी ती स्वतःच्या हातांनी, एकेक चित्र काढून घडवली होती. त्यांचे नाव विन्सर मॅके.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या स्प्रिंग लेक या गावी मॅके यांचे बालपण गेले. मुलाने व्यापार-हिशेबाचे शिक्षण घ्यावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यासाठी त्यांना इप्सिलँटी गावी धाडण्यात आले. पण त्यांचे मन वहीखात्यांत रमले नाही. डेट्रॉइटच्या एका करमणूकगृहात ते येणाऱ्याजाणाऱ्यांची चित्रे काढून देत. याच काळात जॉन गुडिसन हे शिक्षक त्यांना लाभले. मॅके यांचे चित्रकलेचे रीतसर शिक्षण म्हणायचे ते एवढेच. गुडिसन यांनी त्यांच्याकडून यथार्थदर्शनाचे, म्हणजे अंतराप्रमाणे वस्तूचा आकार कसा पालटतो याचे धडे कसोशीने गिरवून घेतले. ती तालीम पुढे आयुष्यभर कामी आली.

समान वेगाने जवळ येणारी वस्तू डोळ्यांना समान गतीने मोठी होताना दिसत नाही. शंभर फुटांवरचा बैल दहा फूट पुढे आला, तर त्याचा आकार जेमतेम एक नवमांश वाढतो. तोच बैल वीस फुटांवरून दहा फुटांवर आला, तर थेट दुप्पट दिसतो. म्हणूनच चित्रमालिकेत आरंभीची वाढ जाणवू नये इतकी सूक्ष्म ठेवावी लागते आणि अखेरची चित्रे झपाट्याने मोठी करावी लागतात. त्यातच क्षितिजरेषा जागची हलत नाही; जनावराची पावले मात्र चित्राच्या खालच्या कडेकडे सरकत राहतात. हा हिशेब चुकला, तर जनावर चालत आल्यासारखे न वाटता जागच्या जागी फुगल्यासारखे वाटते.

शिकागो आणि सिनसिनाटी येथे जाहिरातींची भित्तिचित्रे रंगवून मॅके १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या हेराल्ड या दैनिकात दाखल झाले. १५ ऑक्टोबर १९०५ पासून तेथे त्यांची लिटल निमो ही रंगीत चित्रमालिका सुरू झाली आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. लांबलचक पायांवर शहरातून चालत निघालेला निमोचा पलंग वाचकांच्या कायमचा लक्षात राहिला. १९०६ पासून ते रंगमंचावर झरझर चित्रे काढण्याचे प्रयोगही करू लागले.

मुलाच्या हातातील, पाने फडफडवून पाहायच्या चित्रपुस्तिकांवरून त्यांना चित्रपटाची कल्पना सुचली. १९११ साली सुमारे चार हजार चित्रे काढून त्यांनी निमोला पडद्यावर आणले. त्यात निमो आणि राजकन्या यांना घेऊन जाणारा ड्रॅगन लहान लहान होत दूर निघून जातो. गर्टीच्या वेळी चित्रांची संख्या दहा हजारांवर गेली. पारदर्शक पत्र्यांचा वापर त्यांनी तेव्हा सुरू केला नव्हता. त्यामुळे प्रत्येक चित्रात मागचे डोंगर, तळे आणि झाड पुन्हा नव्याने गिरवावे लागे. हे काम जॉन फिट्झसिमन्स या तरुण साहाय्यकाने केले. एकही चित्र जागचे सरकू नये म्हणून कोपऱ्यांत फुल्या काढलेल्या असत. गर्टीचा श्वासोच्छ्वास खरा वाटावा म्हणून मॅके यांनी घड्याळ लावून स्वतःचे श्वास मोजले. महत्त्वाच्या अवस्था आधी रेखाटायच्या आणि मधली चित्रे नंतर भरायची, ही त्यांची पद्धत पुढे साऱ्या अॅनिमेशन व्यवसायाने उचलली.

मॅके यांनी मात्र कशाचेच पेटंट घेतले नाही. जॉन रँडॉल्फ ब्रे यांनी अॅनिमेशनच्या पद्धतींचे पेटंट घेतले आणि उलट मॅके यांनाच न्यायालयात खेचले. निकाल मॅके यांच्या बाजूने लागला.

त्यांची खरी कोंडी मात्र नोकरीत झाली. १९११ पासून ते वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्या सेवेत होते. हर्स्ट यांनी त्यांच्या रंगमंचीय प्रयोगांवर बंधने आणली आणि त्यांना अग्रलेखासोबतच्या चित्रांना जुंपले. तरीही मॅके यांचा हात थांबला नाही. ७ मे १९१५ रोजी जर्मन पाणबुडीने लुसिटानिया हे प्रवासी जहाज बुडवले आणि सुमारे १,२०० जण प्राणास मुकले. त्या क्षणाचे चित्रण करायला तेथे कॅमेरा नव्हता. अमेरिकेने युद्धात पडू नये असे हर्स्ट यांचे मत होते. मॅके मात्र या घटनेने संतापले होते. फावल्या वेळात, पदरमोड करून, सुमारे २५ हजार चित्रांतून त्यांनी ती दुर्घटना उभी केली. या वेळी त्यांनी पारदर्शक सेल्युलॉइडचा वापर केला. १९१८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, तोवर अमेरिका युद्धात उतरली होती. हसवण्यासाठीच जन्मलेली मानली जाणारी ही कला शोकही व्यक्त करू शकते, हे त्यातून दिसले.

१९२१ नंतर त्यांचा नवा चित्रपट आला नाही. १९२७ साली न्यूयॉर्कच्या अॅनिमेशन व्यावसायिकांनी त्यांच्या सन्मानार्थ भोजन आयोजित केले. तेथे त्यांनी जमलेल्यांना खडे बोल सुनावले. आपण कला म्हणून जे हाती दिले, त्याचा तुम्ही निव्वळ धंदा केला, अशी त्यांची तक्रार होती. २६ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

१९९१ मध्ये गर्टीला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत स्थान मिळाले. जवळ येणाऱ्या वस्तूच्या आकाराचा हिशेब आज संगणक क्षणार्धात मांडतो. मॅके यांनी तो चित्रागणिक हाताने मांडला. गर्टीच्या मागचे डोंगर प्रत्येक चित्रात नव्याने गिरवलेले असल्यामुळे आजही पडद्यावर किंचित थरथरताना दिसतात.