भांड्यांचा हिशेब

चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या खालोखाल ज्या विचारवंताचे नाव घेतात, त्या चू शीच्या नोकरीची सुरुवात एका तालुक्याच्या कचेरीत दफ्तरे सांभाळण्यापासून झाली. हे वाचले आणि मला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. माझी उभी हयात बँकेत लेजरे जुळवण्यात गेली. कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री जागून. त्यामुळे चू शी मला आधी सहकारी वाटतो, तत्त्वज्ञ नंतर.

त्याचा जन्म ११३० सालचा, फूज्येन प्रांतातला. तीनच वर्षांपूर्वी उत्तरेकडून आलेल्या जुर्चेनांनी सुंग घराण्याची राजधानी काइफंग लुटली होती. गादी सोडलेला सम्राट ह्वेत्सुंग कैदेत गेला आणि त्याने जमवलेली काशाची प्राचीन भांडी लुटीत गेली. दरबार दक्षिणेला सरकला. चू शी तेरा-चौदा वर्षांचा असताना वडील वारले. ११४८ मध्ये, ऐन कोवळ्या वयात, तो सरकारी परीक्षा उत्तीर्ण झाला. ११५३ मध्ये तुंगआन येथे त्याने दफ्तराचे काम हाती घेतले.

त्या काळी गावोगावच्या सरकारी शाळेत कन्फ्यूशियसचे मंदिर असे. वसंतात आणि शरदात तिथे पूजा होई. आपल्या देवघरात ताम्हण, पळी-पंचपात्र, निरांजन यांची कामे जशी ठरलेली, तशीच तिथल्या पात्रांचीही. मद्य अर्पण करायला तीन पायांचा चषक, शिजवलेल्या धान्याला चौकोनी आणि गोल अशी झाकणाची पात्रे. मद्य साठवायच्या पात्रांपैकी एकाला बैलाचे नाव होते, एकाला हत्तीचे.

घोळ होता तो इथेच. दहाव्या शतकात न्ये छुंगयी या पंडिताने जुन्या ग्रंथांच्या आधारे या पात्रांच्या आकृत्या काढल्या. हत्तीचे पात्र म्हणजे पोटावर हत्तीचे चित्र असलेला घडा, आणि चषक म्हणजे पाठीवर वाटी घेतलेली चिमणी, असे त्याने दाखवले. पुढे जमिनीतून अस्सल पात्रे निघाली, तेव्हा कळले की पात्रच प्राण्याच्या आकाराचे असते आणि चषकात चिमणी नसतेच. ह्वेत्सुंगने अस्सल नमुन्यांवरून नवी पात्रे ओतवून घेतली. गावच्या शाळांत मात्र जुन्याच आकृत्या चालू राहिल्या.

तुंगआनच्या शाळेत ही पूजा कारकूनच उरकून टाकत. चू शीने १११३ सालचा सरकारी विधिग्रंथ मागवला, तर कचेरीत त्याची प्रतच नव्हती. मग त्याने जुने ग्रंथ ताडून पाहिले आणि विधी, पात्रे व पोशाख यांच्या आकृत्या स्वतः तयार केल्या.

११७९ मध्ये तो नानखांगला अधिकारी होऊन गेला. तिथून त्याने दरबाराला लिहिले की शाळांना योग्य नमुने द्यावेत. ११९० मध्ये चांगचौहून पुन्हा लिहिले. कागद वर जात आणि वरच राहत. अखेर ११९४ मध्ये, तो थानचौला असताना, हुकूम आला. त्यातली कारकुनी भाषा इतकी गुंतागुंतीची होती की अर्थच लागेना. डोळे दुखत असूनही चू शीने तो मजकूर स्वतः तपासला, पाल्हाळ छाटले आणि मोजकी कलमे केली. ज्याने मुख्य कचेरीची परिपत्रके वाचली आहेत, त्याला या कामाचे मोल सांगावे लागणार नाही.

त्याच वर्षी नव्या सम्राटाला शिकवण्यासाठी त्याला दरबारात बोलावले, आणि चाळीसेक दिवसांत दूरही केले. ११९६ मध्ये त्याची शिकवण खोटी ठरवून पदे काढून घेतली. त्साय युआनतिंग हा त्याचा निकटचा सहकारी हद्दपारीत वारला. १२०० साली चू शी गेला, तेव्हा त्याच्यावरचा ठपका कायम होता. सरकारची नजर असतानाही अंत्ययात्रेला हजाराच्या आसपास माणसे आली. पुढे १२४१ मध्ये त्याच्या नावाची पाटी कन्फ्यूशियसच्या मंदिरात बसवण्यात आली. ज्या पूजेतली भांडी नीट असावीत म्हणून तो चाळीस वर्षे झगडला, ती पूजा आता त्यालाही मिळू लागली. त्याच्या नियमावलीतल्या आकृत्यांवरून पुढे कितीतरी शाळांनी काशाची पात्रे ओतवली.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण १३१३ मध्ये सरकारी परीक्षेसाठी त्याची भाष्ये नेमली गेली आणि पार १९०५ पर्यंत पिढ्यान् पिढ्या पोरांनी ती घोकली. तो स्वतःच एक साचा झाला.

हे मला बोचते, त्याला कारण आहे. एकदा एका म्हातारीची पैसे काढायची स्लिप मी परत केली होती. अंगठा चुकीच्या जागी उठला होता. तोवर कॅश बंद व्हायची वेळ झाली. नियमाने मी बरोबर होतो. काही न बोलता ती पायऱ्या उतरून गेली. किती कोस चालून आली होती, हे मी विचारले नाही.

मरणाच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत चू शी आपल्या एका भाष्यात दुरुस्ती करत होता. ते प्रकरण पात्रांचे नव्हते, मनातल्या हेतूच्या खरेपणाचे होते. भांड्यांचा हिशेब पुरा करूनही त्याला हे पुन्हा तपासावेसे वाटले. माझी लेजरे कधीच बंद झाली. ती स्लिप मात्र अजून टेबलावर पडून आहे, असे मला वाटत राहते.