रक्ताभिसरणाचे संशोधक डॉ. विल्यम हार्वे

प्रिय वाचकहो, हा लेख वाचता वाचता क्षणभर थांबा आणि उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस अलगद ठेवा. बोटांखाली जो ठोका जाणवतो त्याला आपण नाडी म्हणतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाकाठी त्यांची संख्या १ लाखावर जाते. आपण जागे असू वा निद्रिस्त, हे कार्य अखंड चालू असते. हृदयातून निघालेले रक्त सर्वांगात फिरून पुन्हा हृदयातच परतते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु ४०० वर्षांपूर्वी युरोपातील थोर वैद्यांनाही ते मान्य नव्हते. ज्या पुरुषाने हे सत्य सिद्ध करून दाखवले, त्याची ही जीवनकथा.

विल्यम हार्वे ह्यांचा जन्म १ एप्रिल १५७८ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यातील फोकस्टोन ह्या समुद्रकाठच्या गावी झाला. कँटरबरी येथे शालेय शिक्षण आणि केंब्रिज येथे पदवी संपादन केल्यावर ते वैद्यकशास्त्राच्या अभ्यासासाठी इटलीतील पादुआ विद्यापीठात गेले. तेथे फॅब्रिशियस हे शरीररचनाशास्त्राचे नामांकित आचार्य होते. नीलांच्या, म्हणजे रक्त हृदयाकडे आणणाऱ्या शिरांच्या आत लहान लहान झडपा असतात, हे त्यांनी शिष्यांना दाखवून दिले होते. मात्र त्या झडपा कशासाठी आहेत, ह्याचा उलगडा गुरूंना झाला नव्हता. तो प्रश्न मनात घेऊनच हार्वे १६०२ साली पदवीधर होऊन मायदेशी परतले.

त्या काळी वैद्यकविश्वावर गॅलेन ह्या प्राचीन ग्रीक वैद्याची सत्ता होती. गॅलेन होऊन गेले इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात. तरी सुमारे १,४०० वर्षे त्यांचा शब्द प्रमाण मानला जात होता. त्यांच्या मते अन्नापासून यकृतात सतत नवे रक्त तयार होते आणि शरीराचे अवयव ते शोषून संपवून टाकतात. हृदयाच्या मधल्या पडद्यात अदृश्य छिद्रे असून त्यांतून थोडे रक्त उजवीकडून डावीकडे पाझरते, असेही ते सांगत. रक्त फुप्फुसांतून जाते, असे प्रतिपादन करणारे काही विद्वान हार्वे ह्यांच्या आधीही होऊन गेले होते. त्यांपैकी मायकेल सर्व्हेटस ह्यांना त्यांच्या धर्ममतांसाठी १५५३ साली जिनिव्हा येथे जिवंत जाळण्यात आले. परंतु रक्ताचा संपूर्ण मार्ग कोणीही सिद्ध केला नव्हता.

लंडनला परतल्यावर १६०४ साली हार्वे ह्यांचा विवाह एलिझाबेथ ब्राउन ह्यांच्याशी झाला. १६०९ मध्ये ते सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्य म्हणून रुजू झाले आणि पुढे राजवैद्यही झाले. रुग्णसेवा सांभाळून त्यांनी प्राण्यांच्या हृदयाचे निरीक्षण आरंभले. प्रारंभी ते गोंधळून गेले, कारण उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे हृदय इतके शीघ्र हालते, की कोणती हालचाल आधी आणि कोणती नंतर, हे नजरेला उमगत नाही. म्हणून ते बेडूक, साप, मासे ह्यांच्याकडे वळले. त्यांची हृदये संथपणे चालतात. तेथे त्यांना दिसले, की आकुंचन पावताना हृदय कठीण होते, फिकट पडते आणि त्याच क्षणी रक्त बाहेर ढकलले जाते. म्हणजे हृदयाचे खरे कार्य प्रसरणाचे नसून आकुंचनाचे होते. हृदय हा एक बळकट स्नायू होता. सापाच्या हृदयाकडे येणारी नीला त्यांनी चिमटीत दाबून धरली, तेव्हा हृदय रिकामे होऊन लहान झाले. बाहेर जाणारी रोहिणी दाबली, तेव्हा ते रक्ताने तट्ट फुगले. चिमूट सोडताच ते पूर्ववत झाले.

वाचकहो, ह्या अवयवाची रचना आपणही समजून घेऊ. आपले हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते. त्याचे चार कप्पे असतात. वरच्या दोहोंना कर्णिका म्हणतात व खालच्या दोहोंना जवनिका. शरीरभर फिरून आलेले रक्त उजव्या कर्णिकेत शिरते, तेथून उजव्या जवनिकेत उतरते आणि तिच्या आकुंचनाने फुप्फुसांकडे जाते. फुप्फुसांत शुद्ध झालेले रक्त डाव्या कर्णिकेत येते, मग डाव्या जवनिकेत, आणि तेथून महारोहिणीवाटे सर्व शरीरात. डाव्या जवनिकेला रक्त दूरवर धाडायचे असते, म्हणून तिची भिंत उजवीपेक्षा पुष्कळच जाड असते. कर्णिका व जवनिका ह्यांच्या मध्ये, तसेच जवनिकांच्या बाहेर पडण्याच्या मुखाशी झडपा असतात. त्या एकाच दिशेने उघडतात, म्हणून रक्ताला माघारी फिरता येत नाही.

हार्वे ह्यांचा सर्वांत प्रभावी पुरावा म्हणजे एक साधा हिशेब. हृदय अर्ध्या तासात १,००० हून अधिक ठोके देते. प्रत्येक ठोक्याला केवळ अर्धा औंस, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम रक्त बाहेर पडते असे मानले, तरी अर्ध्या तासात सुमारे १५ किलोग्रॅम रक्त होते. एवढे रक्त तर संपूर्ण शरीरातही नसते! मग खाल्लेल्या अन्नापासून ते क्षणोक्षणी नव्याने कसे निर्माण होईल? एकच उत्तर संभवत होते, ते म्हणजे तेच रक्त पुनःपुन्हा फिरत असले पाहिजे. आजच्या मोजमापानुसार प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर.

दुसरा पुरावा दंडाला बांधलेल्या पट्टीचा. पट्टी अतिशय घट्ट आवळली, तर हातात रक्त पोहोचत नाही व हात गार पडतो. ती किंचित सैल केली, तर खोलवरच्या रोहिणीतून रक्त हातात येते. परंतु कातडीलगतच्या नीलांतून परत जाऊ शकत नाही आणि त्या पट्टीच्या खाली फुगतात. फुगलेल्या शिरेतील रक्त बोटाने पंजाकडे ढकलू गेल्यास झडप ते अडवते. हृदयाकडे मात्र ते सहज सरकते. गुरूंना न उलगडलेले कोडे शिष्याने असे सोडवले. ह्या झडपा निर्हेतुकपणे ठेवलेल्या नसणार, ह्या विचारानेच आपल्याला शोधाची वाट सापडली, असे हार्वे ह्यांनी वृद्धापकाळी शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल ह्यांना सांगितले होते.

१६१६ पासून हार्वे व्याख्यानांतून हृदयाविषयीची आपली निरीक्षणे मांडत होते. ग्रंथ मात्र १६२८ साली फ्रँकफुर्ट येथे प्रसिद्ध झाला. लॅटिन भाषेतील हे पुस्तक अवघ्या ७२ पानांचे होते. त्याचे स्वागत काही गौरवाने झाले नाही. अनेकांनी हार्वे ह्यांना विक्षिप्त ठरवले आणि त्यांच्याकडे येणारे रुग्ण कमी झाले. पॅरिसच्या रिओलान ह्या प्रख्यात पंडितांनी गॅलेनची बाजू घेतली. हार्वे ह्यांनी १६४९ साली त्यांना छापील उत्तर दिले. इतर टीकाकारांशी ते वाद घालत बसले नाहीत.

पुढे इंग्लंडात यादवी युद्ध पेटले. हार्वे राजाबरोबर असताना लंडनमधील त्यांच्या निवासस्थानाची लूट झाली आणि कीटकांविषयीची त्यांची बहुमोल टिपणे नष्ट झाली. ह्या हानीचे दुःख त्यांना अखेरपर्यंत राहिले. १६५४ साली वैद्यांच्या महाविद्यालयाने देऊ केलेले अध्यक्षपद त्यांनी वार्धक्यामुळे नम्रपणे नाकारले. ३ जून १६५७ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या सिद्धांतात एक दुवा शेवटपर्यंत अदृश्यच राहिला होता. रोहिणीतील रक्त नीलेत नेमके कोणत्या वाटेने जाते? अशी वाट असलीच पाहिजे, एवढे हार्वे सांगू शकत होते. ती दाखवू शकत नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर चौथ्या वर्षी, १६६१ साली, मार्चेल्लो मालपिगी ह्या इटालियन वैद्याने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केसाहून बारीक अशा वाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पूर्ण झाले.

वाचकहो, न दिसलेले दिसले असे हार्वे ह्यांनी कधी म्हटले नाही आणि जे दिसले ते कोणाच्याही भयाने लपवले नाही. पुढच्या वेळी रक्ततपासणीसाठी आपल्या दंडाला रबरी पट्टी बांधली जाईल आणि तिच्याखालची शीर फुगून वर येईल, तेव्हा त्या फुगलेल्या शिरेकडे अवश्य पाहा. हार्वे ह्यांनी जगासमोर ठेवलेला पुरावा तो हाच!